उजव्या पायाचा गिअर

पार्किंगच्या ब्याऐंशी नंबरच्या चौकोनात
रोज सकाळी एक नवा थेंब.
सेक्रेटरी नलावडे वहीत टिपून ठेवतात,
मी खाली पुठ्ठा सरकवते.
उथळसरचा बस्त्याव मिस्त्री म्हणायचा,
बीएसए गळायची थांबली तर घाबर, बाय,
आतलं तेल संपलंय.

आरसी बुकात बाबांच्या आधी तीन नावं:
देवळालीचा एक कंत्राटदार,
एक पारशी दंतवैद्य,
आणि शाई फुटून उरलेलं
कुणाच्या तरी आडनावाचं शेपूट.
चौथे वामन भास्कर टिपणीस, टर्नर, वागळे इस्टेट.
पाचवी मी.
आरटीओतल्या माणसानं दोनदा विचारलं,
मॅडम, चालवणार कोण?

चालवायची ती अशी.
पेट्रोलचा कॉक उघड.
कार्ब्युरेटरची घुंडी दाब, बोट ओलं होईस्तोवर.
स्पार्कची दांडी मागे घे,
विसरलीस तर किक उलटी बसते,
बाबांचा घोटा साक्षीला होताच.
पिस्टन माथ्यावर आण, डिकॉम्प्रेसर सोड,
आणि मग अंगातला सगळा भार एकदाच,
उधारी मागायला आल्यासारखा.

गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या.
माजिवड्याच्या सिग्नलला माझे पाय अजून
डावखुऱ्या पोरासारखे बिचकतात,
ज्याला छडी मारून मारून उजव्या हातानं लिहायला लावलं.

एकदा तिला सिनेमात काम मिळालं.
येऊरच्या पायथ्याशी शूटिंग, दिवसाचे अडीचशे.
बाबा कडक इस्त्रीत, खिशात व्हिटवर्थचा पाना.
हिरोला किक जमेना.
गॉगल मात्र छान होता.
शेवटी इंजिन बंदच ठेवून
चौघांनी मागून ढकललं,
समोर पंखा लावून त्याचा रुमाल उडवला.

चार महिन्यांनी अख्खी चरई थिएटरात.
ती पडद्यावर आली, शिट्ट्या झाल्या,
आणि बाबा उठून उभे राहिले.
आवाज तिचा नाही, म्हणाले. मोठ्यानं.
भलत्याच कुठल्या गाडीची धडधड
तिच्या अंगावर चिकटवली होती.
काका, खाली बसा.
बसले.
मध्यंतरानंतर त्यांची खुर्ची रिकामीच.
सुटल्यावर बघते तर बाहेर स्टँडवर
ती चालू, आणि हे शेजारी,
मान तिरकी करून,
देवळाबाहेरून कीर्तन ऐकावं तसे.

शनिवारी मी तिच्यावरून जांभळी नाक्याला जाते.
मेथी, दोन नारळ, कधी बोंबील.
मागे स्प्रिंग नाही, त्यामुळे घोडबंदर रोडचा
एकेक खड्डा मणक्यात जमा.
परवा शेजारी एक पोरगा थांबला,
नवीकोरी, पण जुनी दिसावी म्हणून घडवलेली गाडी.
छातीवर नॉर्टन छापलेलं.
म्हटलं, चालवलीस कधी?
तो म्हणाला, काय? हे?
त्याला तो अँटिव्हायरस वाटत होता.
मग कितीला देणार, असं विचारलंन.
सिग्नल सुटला.

बर्मिंगहॅमची अशी आता ती उरलीय किती?
सीटचं चामडं कोपरीच्या चांभाराचं,
केबल राबोडीची,
क्लचच्या प्लेटी कुठल्याशा रिक्षाच्या, बस्त्यावनं कानशीनं घासून बसवलेल्या.
आणि गिअरच्या दांड्यातला पितळी बुश
बाबांनी सेकंड शिफ्टला कंपनीच्या लेथवर काढलेला,
सुपरवायझर जेवायला गेल्यावर.
वीस मिनिटांची चोरी,
आयुष्यातली एकुलती, असं ते सांगायचे.
आई हसायची.

कंपनी बंद पडली. शेड पाडली.
तिथं आता अकरा मजली काच आहे,
सहाव्या मजल्यावर मी लोकांचे विम्याचे दावे तपासते.
लेथ नेमका कुठं होता
ते सांगणारं कुणी उरलं नाही,
बेसमेंटच्या दुसऱ्या खांबाशी असावा, असं मी ठरवलंय.
गाडी तिथंच लावते.
वॉचमन म्हणतो, मॅडम, तेल गळतंय.
मी म्हणते, हो.

तिथं मी पुठ्ठा ठेवत नाही.